परग्रहावरचा जीव आणि जीवाची व्याख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीतून शनीची कडी दाखवून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तिकडे कोणी राहतं का हो?" विचारणाऱ्यांत शाळकरी मुलं असतात, तसे आजी-आजोबाही असतात. अलीकडे मंगळाच्या, दूरच्या ग्रहांच्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्यापासून हे प्रश्न आणखी वाढले आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे घाई केली तर गैरसमजच वाढतो, म्हणून ती लांबू दिली.

सरळ सांगा, पृथ्वीबाहेर जीव सापडला आहे का?

नाही. या क्षेत्रातल्या बहुतेकांना मान्य होईल असा एकही पुरावा आजवर मिळालेला नाही.

बातम्या वाचताना तीन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा: जीव राहू शकेल अशी जागा, जीवाला लागणारा कच्चा माल, आणि प्रत्यक्ष जीव. पहिल्या दोन भरपूर सापडल्या आहेत. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची पक्की नोंद २०२५ मध्ये ६,००० च्या पुढे गेली. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत ७० हून अधिक प्रकारची अमिनो आम्लं सापडली. बेन्नू या लघुग्रहावरून नासाच्या यानाने २०२३ मध्ये सुमारे १२१ ग्रॅम माती-खडे आणले. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांतली १४ त्या मातीत होती. शिवाय डीएनए आणि आरएनएची पाचही अक्षरं होती. म्हणजे सामान सगळीकडे पसरलेलं आहे. तिसरी गोष्ट अजून फक्त पृथ्वीवर आढळली आहे.

शाळेत सजीवांची लक्षणं शिकलो होतो: वाढ, श्वसन, पुनरुत्पादन, चेतनाक्षमता. ती पुरेशी नाहीत का?

परीक्षेला पुरेशी आहेत, शोधाला नाहीत. वणवा वाढतो, ऑक्सिजन घेतो, समोर येईल ते खातो आणि ठिणगीतून नवा वणवा लावतो, पण तो सजीव नाही. उलट खेचराला पिल्लं होत नाहीत, तरी ते सजीव नाही असं कोण म्हणेल? इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली खजुराची बी सुमारे दोन हजार वर्षं कोरडी पडून होती. ती २००५ मध्ये रुजली. त्या दोन हजार वर्षांत तिच्यात वरीलपैकी एकही लक्षण दिसलं नसतं.

आज सगळ्यांत जास्त वापरली जाणारी व्याख्या नासाच्या वर्तुळातून आली. रसायनशास्त्रज्ञ जेराल्ड जॉइस यांनी ती १९९४ मध्ये मांडली. तिचा आशय असा: स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था म्हणजे जीव.

या व्याख्येत वणवा का बसत नाही ते पाहा. एका समईवरून दुसरी समई लावली तर दुसरीची ज्योत कशी असेल हे तिच्यातल्या तेलावर आणि वातीवर ठरतं. पहिल्या ज्योतीचा एकही गुण तिच्यात उतरत नाही. वारसा नाही, म्हणून वारशात होणारे छोटे बदल नाहीत, म्हणून निवडही नाही. जिवाणूंचं तसं नसतं. एका जिवाणूचे दोन होताना डीएनएची नक्कल होते, नकलेत क्वचित चूक होते आणि ती चूक पुढच्या पिढीत जाते. याच चुकांमधून पुढे पेनिसिलिनला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. मला स्वतःला ही व्याख्या आवडते, कारण ती जीव कसा दिसतो याच्या भानगडीत न पडता तो काय करतो ते विचारते.

मग विषाणू सजीव की निर्जीव?

या व्याख्येपुढे विषाणू अर्धा बसतो, अर्धा बसत नाही. तो उत्क्रांत होतो, हे कोविडच्या काळात डेल्टा, ओमायक्रॉन ही नावं ऐकताना आपण सगळ्यांनी पाहिलं. पण तो स्वतःला टिकवत नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला काहीही करता येत नाही.

त्यातही एक गंमतीदार अडचण आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात १९९२ मध्ये न्यूमोनियाचं कारण शोधताना एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात अमीबाच्या आत काहीतरी सापडलं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतकं ते मोठं होतं, म्हणून त्याला जिवाणू समजून बाजूला ठेवलं गेलं. तो विषाणू आहे हे २००३ मध्ये कळलं आणि त्याचं नाव मिमिव्हायरस पडलं. २००८ मध्ये तर त्याच्या एका जातभाईला बाधा करणारा छोटा विषाणूही सापडला. जो आजारी पडू शकतो तो निर्जीव कसा, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. माझ्या मते सजीव आणि निर्जीव यांच्या मध्ये रेघ नसून पट्टा आहे, आणि विषाणू त्या पट्ट्यात राहतात.

एवढे हुशार लोक असूनही एक व्याख्या ठरत का नाही?

प्रयत्न कमी पडलेले नाहीत. इस्रायलमधले शास्त्रज्ञ एडवर्ड ट्रायफोनोव्ह यांनी २०११ मध्ये जीवाच्या १२३ व्याख्या गोळा केल्या आणि त्यांतले सामाईक शब्द काढून एक छोटी व्याख्या बनवली: फरकांसह स्वतःचं पुनरुत्पादन. तिच्यावरही लगेच आक्षेप आले.

खरी अडचण तत्त्वज्ञ कॅरोल क्लेलंड यांनी नेमकी दाखवली आहे. पाण्याचा रेणू माहीत नसताना पाण्याची व्याख्या करायला बसलो असतो, तर पारदर्शक, पातळ, तहान भागवणारं, अनेक पदार्थ विरघळवणारं असंच काहीतरी लिहिलं असतं. त्या वर्णनातून बर्फ निसटला असता आणि काही आम्लं आत घुसली असती. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू हे कळल्यावर वाद संपला. जीवाच्या बाबतीत आपण अजून त्या आधीच्या टप्प्यावर आहोत.

आणि आपल्याकडे उदाहरण तरी किती? एकच. वाघ, वड, बुरशी आणि आपल्या आतड्यातले जिवाणू वरवर कितीही वेगळे दिसले तरी सगळ्यांचा डीएनए एकाच पद्धतीने वाचला जातो, सगळ्यांची ऊर्जेची देवाणघेवाण एटीपी या एकाच रेणूतून चालते. सगळे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. २०२४ मधल्या एका अभ्यासाने तो पूर्वज सुमारे ४.२ अब्ज वर्षांपूर्वीचा असावा असा अंदाज केला. एकाच कुटुंबाला पाहून जगातल्या सगळ्या कुटुंबांचा नियम सांगायचा, असं हे काम आहे. म्हणून व्याख्या ठरत नाही.

व्याख्येवर एवढा काथ्याकूट कशाला? समोर आला की जीव ओळखू येईलच ना?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण याचं उत्तर प्रत्यक्ष घडून गेलं आहे. १९७६ मध्ये.

त्या वर्षी २० जुलैला व्हायकिंग-१ आणि ३ सप्टेंबरला व्हायकिंग-२ ही नासाची याने मंगळावर उतरली. दोन्हींत जीव शोधण्याचे तीन-तीन प्रयोग होते. त्यांतला एक गिल्बर्ट लेविन यांचा. यांत्रिक हाताने मंगळाची माती उचलायची, त्यातली अर्धा घन सेंटिमीटर माती छोट्या कुपीत टाकायची आणि तिच्यावर पोषक द्रवाचे थेंब सोडायचे. द्रवातल्या पोषक पदार्थांत किरणोत्सारी कार्बन होता. मातीत काही जिवंत असेल तर ते हे खाईल आणि किरणोत्सारी वायू बाहेर सोडेल. वायू मोजला की उत्तर मिळालं.

वायू बाहेर आला. दोन्ही ठिकाणी आला, आणि चांगला भरपूर आला. मग पडताळणीसाठी दुसरी माती आधी १६०° सेल्सिअसला तीन तास तापवली, म्हणजे आत जे काही असेल ते मरावं. या वेळी वायू आला नाही. प्रयोग ठरवताना लिहून ठेवलेल्या निकषांनुसार हा निकाल "जीव आहे" असाच होता.

पण त्याच यानावर मातीतली सेंद्रिय संयुगं, म्हणजे जीवाचं शरीर ज्यांपासून बनतं तशी कार्बनची संयुगं, शोधणारं दुसरं उपकरण होतं, आणि त्याला जवळपास काहीच मिळालं नाही. क्लोरीन असलेले एक-दोन साधे पदार्थ दिसले. ते पृथ्वीवर यान साफ करताना राहिले असतील असं समजलं गेलं. आता शरीरच नाही तर खाल्लं कोणी? शिवाय पोषक द्रव दुसऱ्यांदा घातला तेव्हा नव्याने वायू आला नाही. भुकेले जिवाणू असते तर त्यांनी पुन्हा खाल्लं असतं. बहुतेकांनी निष्कर्ष काढला की मातीतल्या एखाद्या तीव्र ऑक्सिडीकारक रसायनाने पोषक पदार्थ जाळले.

पुढे २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या मातीत पर्क्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेला एक क्षार, सापडलं. पर्क्लोरेट असलेली माती तापवली की त्यातली सेंद्रिय संयुगं जळून जातात आणि मागे क्लोरीनयुक्त पदार्थ उरतात. व्हायकिंगचं ते उपकरण माती तापवूनच तपासत होतं. म्हणजे १९७६ मध्ये जे "नाही" मिळालं, ते कदाचित उपकरणानेच जाळून टाकलेलं "आहे" असेल. नंतर क्युरिऑसिटी गाडीला मंगळाच्या जुन्या चिखलदगडात सेंद्रिय संयुगं खरोखर मिळाली. लेविन २०२१ मध्ये वारले. आपल्या प्रयोगाने जीव शोधला होता, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, त्यांची चिकाटी मात्र मोलाची वाटते.

यात व्याख्येचा संबंध कुठे आला? "जीव म्हणजे जे खातं आणि वायू सोडतं" ही व्याख्या त्या कुपीत बसवलेली होती. मंगळाच्या मातीला ते जीवाशिवायही करता येतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तुम्ही जीव कशाला म्हणता यावर उपकरण ठरतं, आणि जे उपकरण नेलं त्याच्यापलीकडचं तिथे दिसत नाही. व्हायकिंगनंतर नासाने मंगळावर थेट जीव शोधणारा प्रयोग पुन्हा पाठवलेला नाही.

मंगळावरून आलेल्या दगडात जीवाश्म सापडले होते ना?

एएलएच ८४००१ हा तो दगड, वजन दोन किलोच्या आतबाहेर, १९८४ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडलेला. ऑगस्ट १९९६ मध्ये डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी त्यात अतिसूक्ष्म अळ्यांसारखे आकार, मॅग्नेटाइटचे कण आणि सेंद्रिय संयुगं दाखवली. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यावर जाहीरपणे बोलले. नंतरच्या वर्षांत या प्रत्येक गोष्टीला जीवाशिवायचं कारण मिळत गेलं. आज फार थोडे लोक तो दावा मानतात. पण त्या वादाने खगोलजीवशास्त्राला पैसा आणि माणसं मिळवून दिली, हेही खरं.

२०२५ मध्ये मंगळावर "बिबट्याचे ठिपके" सापडले, ते काय प्रकरण आहे?

हे प्रकरण गंभीरपणे घेण्यासारखं आहे. पर्सिव्हिअरन्स गाडी जेझेरो विवरात फिरते आहे. तिथे एकेकाळी नदी येऊन मिळत होती आणि तळं होतं. जुलै २०२४ मध्ये त्या जुन्या नदीच्या पात्रात एक तांबूस दगड दिसला. त्याच्यावर फिकट ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याला गडद कड होती. दगडाला चेयावा फॉल्स असं नाव दिलं आणि त्याचा गाभा कापून नळीत बंद केला. सप्टेंबर २०२५ मध्ये सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या ठिपक्यांत आणि कडांत लोहाची दोन खनिजं असावीत असं दिसतं: फॉस्फेटयुक्त व्हिव्हिअनाइट आणि सल्फाइडयुक्त ग्रेगाइट. पृथ्वीवर चिखलातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खाताना लोह आणि गंधकाशी जी देवाणघेवाण करतात, तिच्यातून हीच खनिजं तयार होतात.

ती जीवाशिवायही बनू शकतात, पण त्यासाठी बहुधा जास्त उष्णता लागते, आणि हा दगड तसा तापल्याच्या खुणा नाहीत. नासाने "संभाव्य जैवखूण" एवढाच शब्द वापरला, आणि तो योग्य आहे. निकाल लागायचा तर ती नळी पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवी. ती आणण्याची अमेरिकेची मोहीम खर्चापायी अडकली आहे. चीन २०२८ च्या सुमारास तियानवेन-३ पाठवून मंगळावरचे दुसरे नमुने आणायच्या तयारीत आहे. इतका चांगला दगड नळीत भरून ठेवला असताना तो तिथेच पडून राहावा, याचं फार वाईट वाटतं.

१२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर जीव असल्याचं भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने सिद्ध केलं, हे खरं का?

सिद्ध केलेलं नाही, आणि तसा दावा त्यांनीही केला नव्हता. ग्रहाचं नाव के२-१८बी. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून सांगितलं की तिथल्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाऊबंद वायू असावा. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो.

अडचणी दोन. संकेत तीन सिग्मा पातळीचा होता (सिग्मा म्हणजे संकेत निव्वळ योगायोग नाही याची खात्री मोजण्याचं माप). अशा शोधासाठी पाच सिग्मा अपेक्षित असतात, आणि इतर गटांनी तीच आकडेवारी वेगळ्या पद्धतीने तपासली तेव्हा संकेत विरून गेला. दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, आणि तिथे समुद्र नाही.

अशा बातम्यांसाठी नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. संकेत दिसला, ही पहिली पायरी. तो आपल्याच उपकरणाचा किंवा पृथ्वीवरून गेलेल्या घाणीचा दोष नाही, ही दुसरी. जीवाशिवाय तो बनू शकत नाही हे दाखवणं चौथी. सर्वांत वर स्वतंत्र निरीक्षणं आणि पाठपुरावा येतो. पुढच्या वेळी "जीव सापडला" असा मथळा दिसला की तो कितव्या पायरीवर आहे, एवढं विचारा. के२-१८बी पहिल्या पायरीवर उभं आहे.

जीवाला कार्बन आणि पाणीच का हवं? सिलिकॉनचे जीव का नसावेत?

बंदी कोणीच घातलेली नाही, पण कार्बनकडे मोठी लायकी आहे. तो स्वतःशी लांबच लांब साखळ्या जोडतो, आणि ऑक्सिजनशी जुळला की वायू होतो, जो सहज आत घेता येतो आणि बाहेर टाकता येतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी जुळला की वाळू होते. पृथ्वीच्या कवचात सिलिकॉन कार्बनपेक्षा कितीतरी पट आहे, तरी इथल्या जीवाने कार्बनच निवडला.

या बाबतीत घाई कशी अंगाशी येते तेही सांगतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो असा शोधनिबंध गाजला. इतरांना तसं आढळलं नाही. २०२५ मध्ये त्या नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला.

पाण्याऐवजी दुसरा द्रव चालेल का, हे पाहायची उत्तम जागा म्हणजे शनीचा चंद्र टायटन. उणे १७९° सेल्सिअसला तिथे मिथेनची तळी आहेत. ड्रॅगनफ्लाय हे उडतं यान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये तिथे पोचायचं आहे.

लोणारचा मंगळाशी काय संबंध?

बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार हे बेसाल्ट खडकात अशनी आदळून झालेलं विवर आहे, आणि मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसाल्टचा. म्हणून मंगळावरची विवरं समजून घेणारे लोक इथले खडे तपासतात. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे.

तळ्याचं पाणी खारं तर आहेच, शिवाय सोड्यासारखं अल्कधर्मी आहे, सामू १० च्या आसपास. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं तेव्हा काठच्या काळ्या चिखलावर पांढरा खार फुलतो आणि गंधकाचा उग्र वास येतो. मासा या पाण्यात टिकत नाही. पण सूक्ष्मजीव इतके आहेत की पाणी हिरवं दिसतं. जून २०२० मध्ये तर ते गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा कारण निघालं मीठप्रेमी आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यांची संख्या फोफावली आणि त्यांच्यातल्या गुलाबी रंगद्रव्याने अख्खं तळं रंगलं. पाऊस पडल्यावर रंग उतरला.

दक्षिण आफ्रिकेत म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल एक जिवाणू सापडला आहे. सूर्याशी त्याचा काहीही संबंध नाही. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाणी फुटून जो हायड्रोजन सुटतो, त्यावर त्याचा चरितार्थ चालतो. मंगळाच्या पोटात आज काही जिवंत असेल, तर ते असंच जगत असावं.

डॉ. जयंत नारळीकरांनी अंतराळातून आलेले जिवाणू पकडले होते म्हणतात. ते खरं आहे का?

प्रयोग खरा आहे आणि फार देखणा आहे. निष्कर्ष मात्र सांगोवांगी वाढवला जातो.

खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं की जीव अंतराळातून, धूमकेतूंमार्फत पृथ्वीवर आला आणि येतो आहे. नारळीकरांनी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा वर जाऊन पाहू. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. इस्रोच्या मदतीने तिथून जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ ला फुगे सोडले. आत हवा काढून घेतलेल्या, निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनने थंड ठेवल्या होत्या. ठरलेल्या उंचीवर नळीची झडप उघडायची, बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठायची आणि झडप बंद व्हायची. दुसऱ्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटरच्या दरम्यानची हवा मिळाली. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूजीवशास्त्राच्या संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात वेगवेगळे तपासले गेले, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याला पकडता यावी.

१२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढल्या. बहुतेक ओळखीच्या जातींच्या निघाल्या. तीन जाती नव्या होत्या आणि अतिनील किरणांना जास्त टक्कर देणाऱ्या होत्या. २००९ मध्ये त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावं दिली गेली. त्याच वेळी इस्रोने स्पष्ट म्हटलं की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं ठामपणे ठरत नाही.

पुढे आर्यभटाच्या नावाचा तो जिवाणू अनेक ठिकाणच्या साध्या मातीत, रोपांच्या मुळांपाशी आढळला. तेव्हा तो खालून वर गेला असण्याचीच शक्यता मोठी. तरीही हा प्रयोग वाया गेला असं मी मुळीच म्हणणार नाही. एवढ्या उंचीवर, जिथे हवा जवळपास नाही आणि अतिनील किरण झोडपतात, तिथे जिवंत राहणारे जिवाणू आहेत हे त्यातून कळलं. मोठी कल्पना स्वस्तात कशी तपासावी हेही शिकायला मिळालं. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. हा प्रश्न त्यांनी मराठी घराघरात पोचवला.

आपल्या सूर्यमालेत सगळ्यांत जास्त आशा कुठे आहे?

माझं मत विचाराल तर एन्सेलाडस. शनीचा हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, वरून बर्फाचा. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याची कारंजी उडताना दिसली. यान त्या फवाऱ्यांतून आरपार गेलं आणि त्यात मीठ, सेंद्रिय संयुगं आणि हायड्रोजन मिळाला. २०२३ मध्ये जुन्या नोंदींतून फॉस्फेटही निघालं. बर्फाखाली समुद्र आहे, तळाशी गरम पाणी आणि खडक यांची क्रिया चालू आहे, आणि ते पाणी खोदकाम न करता आपल्या हाती येतं. कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा ते चुकून या चंद्रावर पडून पृथ्वीचे जंतू तिथे जाऊ नयेत, म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये ते शनीतच जाळून टाकलं.

गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये पोचेल.

उडत्या तबकड्यांचं काय? ३आय/अ‍ॅटलस हे परग्रहवासीयांचं यान होतं का?

नासाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. अशा घटनांमागे परग्रहवासी असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आकाशात पेटते गोळे सरकताना हजारो लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलं. तो बहुधा चिनी रॉकेटचा टप्पा होता. लोकांनी जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त ते माणसाचं होतं.

३आय/अ‍ॅटलस जुलै २०२५ मध्ये सापडला. तो दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला धूमकेतू आहे.

विश्व एवढं मोठं आहे, मग अजून कोणी संपर्क का केला नाही?

एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये हेच विचारलं होतं. फ्रँक ड्रेक यांनी १९६१ मध्ये त्यासाठी समीकरण मांडलं: किती तारे, किती ग्रह, त्यांतल्या किती ग्रहांवर जीव, त्यांतल्या किती ठिकाणी बुद्धी, आणि ती किती काळ टिकते. ग्रहांपर्यंतचे आकडे आता बऱ्यापैकी हाती आले आहेत. "किती ग्रहांवर जीव" या जागी काय लिहायचं हे एकाच उदाहरणावरून ठरवता येत नाही.

आणि शांततेचं एक साधं कारण अंतर हेही आहे. आपले रेडिओ संदेश बाहेर पडायला लागून शंभरेक वर्षं झाली. आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे.

समजा मंगळावर जीव सापडला. तो आपलाच नातेवाईक आहे की वेगळा, हे कसं कळणार?

आधी हे तपासावंच लागेल, कारण मंगळ आणि पृथ्वी यांच्यात दगडांची ये-जा झाली आहे. बिहारमध्ये शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेला अशनी मंगळाचा तुकडा आहे. दगडाबरोबर जंतूही आले-गेले असतील.

एक चांगली कसोटी रेणूंच्या डाव्या-उजव्या घडणीची आहे. बहुतेक अमिनो आम्लं आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन रूपांत असतात. बेन्नूच्या मातीत दोन्ही रूपं साधारण सारखी होती, निर्जीव रसायनशास्त्रात असतात तशी. पृथ्वीवरचा जीव प्रथिनांसाठी डावी रूपंच वापरतो. मंगळावर फक्त डावी मिळाली, डीएनएही तोच आणि त्याची लिपीही तीच निघाली, तर तो आपला दूरचा भाऊबंद. फक्त उजवी मिळाली, तर जीवाची सुरुवात तिथे स्वतंत्रपणे झाली.

दुसरी शक्यता खरी ठरली तर एका साध्या जिवाणूने सगळं बदलेल. एकाच सूर्यमालेत दोनदा जीव उपजला असेल, तर तो विश्वात दुर्मीळ असणं शक्य नाही. आणि हातात दुसरं उदाहरण आलं की व्याख्येचं काम खऱ्या अर्थाने सुरू होईल. युरोपा आणि एन्सेलाडस मंगळापेक्षा खूप दूर आहेत, तिथे आपले दगड पोचण्याची शक्यता फार कमी. म्हणून तिथल्या जिवाणूचं मोल मंगळावरच्या जिवाणूपेक्षा मला जास्त वाटतं.

मुलीला या विषयात काम करायचं आहे. महाराष्ट्रात राहून काही होईल का?

नक्की होईल. या विषयात खगोलशास्त्र लागतंच असं नाही. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि भूशास्त्र यांतून येणारे लोक जास्त आहेत. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत सुधा राजामणी यांचा गट निर्जीव रसायनांपासून पहिल्या पेशीसारखी रचना कशी जमली असेल यावर काम करतो. साध्या मेदाम्लांचे बुडबुडे नैसर्गिक परिस्थितीत तयार होतात का, हे पाहायला त्यांनी लडाखमधल्या गरम झऱ्यांचं पाणीही वापरलं आहे. पुण्यातच ग्रह-ताऱ्यांसाठी आयुका आहे, सूक्ष्मजीवांसाठी आघारकर संस्था आहे. बारावीनंतर आयसरसाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. कॉलेजात असताना सुट्टीतल्या संशोधन प्रकल्पासाठी प्राध्यापकांना थेट ईमेल पाठवायलाही हरकत नसते, मात्र त्यांचा एखादा शोधनिबंध आधी वाचून मग पाठवा.